भावी पिढीसाठी राखीव

वॉशिंग मशीनने काम संपल्याची धून वाजवली आणि दुपारची शांतता मोडली. माझ्या धाकट्या मुलाने झोपेतच एक हात उचलला, हवेत थोडा वेळ धरला आणि परत ठेवला. कपडे मशीनमध्येच राहू देत. तो उठायच्या आत एक गंभीर सत्य सांगून टाकते: कोणतीही परंपरा आपोआप टिकत नाही. तिला अध्यक्ष लागतो.

आमच्या हैदराबादच्या भोंडल्याला कित्येक वर्षं अध्यक्ष नव्हता, त्यामुळे तो कसाबसा चालू होता. अंबरपेठेत कुणाच्या तरी अंगणात, आणि अंगणं संपल्यावर कुणाच्या तरी गच्चीवर, पाटावर हत्तीचं चित्र मांडायचं. बायका-मुलींनी हातात हात घालून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत कोणती ते ओळखून ती खायची. ना बॅनर, ना स्वागताध्यक्ष, ना इतिवृत्त. (मी स्वतः लहानपणी असे आठ-नऊ भोंडले खेळले आहे, पण पुरावा म्हणून दाखवायला गुडघ्यावरच्या एका व्रणाशिवाय काही नाही.)

हा गोंधळ प्रथम प्रतापरावांच्या लक्षात आला. प्रतापराव सचिवालयातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्यापाशी फायली हाताळण्याचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता आणि फाईल एकही नव्हती. त्यांनी भोंडला संवर्धन समिती स्थापन केली. मला मराठी टायपिंग येतं हे कळताच मी चिटणीस झाले.

खरं तर मी नाही म्हणणार होते. पण माझी सहा वर्षांची रसिका गणपतीपासून मागे लागली होती. "आई, मला भोंडला खेळायचाय. तू खेळायचीस तसा." मी हो म्हटलं होतं. नुसतं हो नाही, गळ्याला हात लावून. समितीत शिरलं की मुलीला फेरात एक जागा मिळवता येईल, असा माझा अंदाज होता. (सार्वजनिक जीवनात माणूस साधारण याच वाटेने येतो.)

समितीच्या अकरा बैठका झाल्या. पहिल्या तीन 'भोंडला' म्हणायचं की 'हादगा' यात गेल्या. अखेर 'भोंडला तथा हादगा' असं ठरलं. दोन्ही पक्षांचा सारखाच अपमान झाल्यामुळे ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

मग गाण्यांचा प्रश्न आला. गाणी येतात जयवंताबाईंना. त्या मूळच्या उमरग्याकडच्या, शेतकऱ्याघरच्या, लग्न होऊन हैदराबादेत आलेल्या. आता वय ब्याऐंशी, आणि राहतात आमच्याच दोन गल्ल्या पलीकडे. समिती रेकॉर्डिंगचं सामान घेऊन त्यांच्याकडे तीन दिवस गेली. तेव्हा एक गंभीर दोष उघडकीला आला. बाई एकच गाणं दोन दिवस सारखं म्हणत नव्हत्या. काल तीन कडवी, तर आज पाच. काल गाण्यातल्या सुनेचं भांडण सासूशी, तर आज जावेशी.

"बाई, नक्की कोणाशी?" प्रतापरावांनी पेन उघडून विचारलं.

"ज्या दिवशी जी घरात असंल तिच्याशी," जयवंताबाई म्हणाल्या.

परंपरा अशी वाऱ्यावर सोडता येत नाही. समितीने एक पाठ प्रमाणित केला, त्यात सासू कायम केली, आणि तो एका प्रशिक्षित गायिकेकडून कीबोर्डच्या साथीवर रेकॉर्ड करून घेतला. जयवंताबाईंना 'जिवंत वारसा' ही पदवी देण्यात आली आणि कार्यक्रमाच्या दिवशी कृपया गाऊ नये, असं नम्र पत्र देण्यात आलं. पत्र मीच टाईप केलं. 'नम्र' हा शब्द माझा.

फेराचं काम निशिगंधाताईंकडे होतं. त्या कोठी भागात नाचाचे क्लास घेतात आणि त्यांचा विचार फार स्वच्छ असतो. फेर गोल असला की निम्म्या बायकांची पाठ प्रेक्षकांकडे होते, आणि प्रेक्षकांत प्रमुख पाहुणे असतात. म्हणून फेर अर्धा करण्यात आला. अर्ध्या फेरात फिरता येत नाही, कारण टोकाला पोचलेली बाई स्टेजवरून खाली जाते. म्हणून आठही बायकांनी जागच्या जागी डोलावं असं ठरलं. पाटावरचा हत्ती कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून तो दहा फुटी फ्लेक्सवर छापून मागच्या भिंतीला लावला. अशा रीतीने हत्तीभोवती कुणी फिरणार नव्हतं आणि हत्तीला सगळ्यांच्या वेण्याच दिसणार होत्या, पण भोंडला मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट दिसणार होता.

खिरापतीतलं गुपित पाळण्याबाबत समिती विशेष कडक होती. मात्र केटररच्या नियमाप्रमाणे डब्यावर पदार्थाचं नाव, घटक आणि 'यात शेंगदाणे आहेत' ही सूचना लिहिणं भाग होतं. तेव्हा ओळखण्याच्या वेळी सर्वांनी डबा उलटा धरावा, असं ठरलं.

आठव्या बैठकीत मी धीर करून विचारलं, "लहान मुलींना फेरात घेता येईल का?"

प्रतापरावांनी चष्मा काढला. ते मनाने प्रेमळ आहेत. "दीपाली, बेटा, हे सगळं आपण जपतोय कुणासाठी? भावी पिढीसाठीच ना? आता तिच्याच हातात दिलं, तर जपायला आपल्याकडे काय राहील?"

तर्क बिनतोड होता. मी तो टाईप केला. पुढे असंही लिहिलं की भावी पिढी म्हणजे वय वर्षं चार ते बारा, तिला हिरवी रिबन लावावी आणि पहिल्या दोन रांगांतल्या चोवीस खुर्च्या तिच्यासाठी राखीव असाव्यात.

घरी येऊन रसिकाला सांगितलं, "तुला एकदम पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली आहे."

"आणि खेळायचं कधी?"

"आधी बघायचं."

"खाली पार्किंगमध्ये बतुकम्माला तर कोणीपण घुसतं," ती म्हणाली. "शंकरम्मा अक्का हात धरून ओढते. मी नक्को म्हटलं तरी ओढते."

बतुकम्मा हा आमच्या तेलुगू शेजारणींचा सण. फुलं थरांवर थर रचून ठेवायची आणि भोवती टाळ्या देत फिरायचं. आमच्या इमारतीत तो नऊ दिवस चालतो. त्याला अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, रिबन नाही. असा सण किती काळ तग धरेल, सांगता येत नाही. (सध्या दरवर्षी गर्दी वाढते आहे. ही काळजीची बाब आहे.)

कार्यक्रम सुलतान बाजारातल्या एका सभागृहात झाला. एकूण वेळ एकशे चाळीस मिनिटं, पैकी भोंडला अकरा. उरलेल्या वेळात सहा भाषणं, दीपप्रज्वलन, आणि दिवा विझल्याने पुन्हा दीपप्रज्वलन. पदाधिकाऱ्यांना लाल रिबन, कलाकारांना पिवळी, भावी पिढीला हिरवी. 'जिवंत वारसा' या गटात एकच व्यक्ती असल्याने वेगळी रांग परवडेना, तेव्हा पांढऱ्या रिबनच्या जयवंताबाईंना भावी पिढीच्या पहिल्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर, रसिकाशेजारी बसवलं.

चूक झाली ती इथे.

चौथं भाषण 'लोप पावत चाललेली लोकपरंपरा' या विषयावर होतं. मी बाजूला उभी राहून मुद्दे टिपत होते, तेव्हा कानावर पडलं.

"आजी, तुम्हाला येतात ना सगळी गाणी?"

"येत्यात की."

"मग म्हणा ना."

"म्हणू नका म्हणून पत्र आलंय मला."

"हळू म्हणा. मी कुणाला नाही सांगणार."

जयवंताबाईंनी स्टेजकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि अगदी बारीक आवाजात सुरू केलं. रसिका उठली. तिच्यामागून दुसरी, मग चौथी, मग अकरा जणी आणि दोन मुलगे. हातात हात आले आणि सगळी थबकली.

"हत्ती कुठाय?" एकीने विचारलं.

"हत्ती स्टेजवर. तो मोठ्यांचा."

"मग मलाच हत्ती करा," जयवंताबाई म्हणाल्या. "वजनाला काय कमी न्हाई मी."

खुर्ची ओढून मधल्या मोकळ्या जागेत घेतली गेली आणि मुलं तिच्याभोवती फिरायला लागली. गोल, पुरा गोल. पाहुण्यांकडे पाठ येत होती, पुन्हा तोंड येत होतं. आवाज वाढत होता. त्या दिवशी गाण्यातल्या सुनेचं भांडण माईकवाल्याशी होतं, आणि ती त्याला काय काय म्हणाली ते ऐकून मुलं हसून वाकत होती, पण हात सोडत नव्हती. कुणी पडलं, कुणी उचललं. रसिकाने मला पाहिलं आणि एक हात सोडून माझ्याकडे केला.

"आई, ये ना. इथे जागा आहे."

जागा होती. एका माणसाची, माझ्या मापाची. माझे पाय चपलांतून निघालेसुद्धा होते.

तेवढ्यात स्टेजवरून प्रतापरावांनी चष्म्यावरून पाहिलं. रागाने नाही, एखाद्या फाईलकडे पाहावं तसं. वक्ते 'आज मुलांना याची गोडीच उरलेली नाही' या वाक्यावर थांबून शांततेची वाट पाहत होते. माझ्या खांद्यावर लाल रिबन होती.

मी चपला घातल्या आणि गेले. "बाळांनो," मी म्हटलं, "जागेवर बसा पाहू. आता भोंडला सुरू होणार आहे."

मुलं बसली. आपली मुलं गुणी असतात. रसिकाने हात मागे घेतला आणि मांडीखाली ठेवला.

"हौ, बसा बायांनो," जयवंताबाई म्हणाल्या. "परंपरा बुडंल न्हाईतर."

त्यानंतर भोंडला ठरल्याप्रमाणे पार पडला. आठ बायका डोलल्या, सासू जिंकली, प्रमुख पाहुण्यांनी डबा उलटा धरून खिरापत पहिल्याच प्रयत्नात ओळखली. (लाडू, शेंगदाण्याचे.) व्हिडिओ आम्ही त्याच आठवड्यात टाकला. आजवर सहाशे बारा जणांनी पाहिला आहे, चौऱ्याण्णव जणांनी अभिप्राय दिला आहे. त्यातल्या एक्याऐंशींनी 'हे जपलं पाहिजे' असं लिहिलं आहे. उरलेल्यांनी हात जोडले आहेत. तुमचे हातही त्यात दिसले. आभारी आहे. तुमच्या घरातली मुलगी शेवटचा फेर कधी धरून आली, हा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही, तेव्हा निर्धास्त असा.

आता रसिका शाळेतून आली आहे आणि माझ्या मांडीला टेकून फोनवर तो व्हिडिओ पाहते आहे. पहिल्या रांगेत स्वतः टाळ्या वाजवताना दिसली, तशी खूश झाली. केसांना अजून शाळेच्या मैदानाचा वास आहे. मी वेणी सोडते आहे.

"आई, मी मोठी झाले ना, की माझ्या मुलीला पण भोंडल्याला नेईन."

"ने की," मी म्हटलं. ज्यासाठी अकरा बैठका घेतल्या, ते हेच.

"तिला पहिल्या रांगेत बसवीन. हिरवी रिबन लावीन." तिने व्हिडिओ थांबवला. "पण आई, ती मध्येच उठून खेळायला लागली, तर तिला खाली बसवायला तू येशील, की ते मीच करायचं?"