बारदानासकट वजन

जगदेवी गेल्याचं गुरुलिंगला कळलं तेव्हा त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते. बाळंतपणाचा तिसरा दिवस. सकाळी तिनेच चहा मागितला म्हणून तो लातूरच्या त्या दवाखान्याखालच्या टपरीवर गेला होता. वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ग्लास कुठे ठेवावेत ते न सुचून त्याने दोन्ही चहा उभ्या उभ्या पिऊन टाकले. ही गोष्ट त्याने पुढे कुणालाच सांगितली नाही.

दोन दिवस तेवढं जगदेवीने पोरीला अंगावर पाजलं होतं. तेही भांडून. तिची आई पार्वतम्मा म्हणाल्या होत्या, "पहिला पिवळा चीक पिळून टाक गं, लेकराला बाधंल."

"म्हशीच्या चिकाचा खरवस करून गल्लीभर वाटतीस, अन् माझ्याच चिकाला काय झालं?" जगदेवी म्हणाली. नर्स बुद्धप्रिया हसली. म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. ह्या चिकानं लेकराच्या आतड्याला आतून अस्तर लागतं. रोग आत शिरत न्हाई."

ते ऐकून जगदेवीने नवऱ्याला जवळ बोलावलं. "सहा महिने हिला दुधाबिगर काई न्हाई. पाण्याचा थेंब सुदिक न्हाई. ह्या दोघी म्हाताऱ्या ऐकायच्या न्हाईत. तुमच्यावर हाय हे." दुसरी म्हातारी म्हणजे गुरुलिंगची आई नीलम्मा.

आता आईचं दूध गेलं. डॉक्टरीणबाईंनी डब्याचं दूध लिहून दिलं, डब्यावरचं माप समजावलं, आणि बजावलं की हे सोडून दुसरं काही नाही, आणि दर आठवड्याला वजन करा.

वजनाची चिंता गुरुलिंगला नव्हती. उदगीरच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागूनच, त्याचं डाळीचं दुकान. बापापासून कुणी त्यांच्या काट्याला नाव ठेवलं नव्हतं. दर सोमवारी तो काटा पुसायचा, दुपटं, झबलं, टोपडं आधी वेगळं तोलायचा आणि पोरीच्या वजनातून वजा करायचा. पोत्यातल्या डाळीचं वजन करताना पोत्याचं बारदान वजा करतात, तसंच. घर लिंगायत; पोरीच्या गळ्यातलं, कापडी पिशवीतलं लिंग मात्र त्याने कधी वजा केलं नाही. जन्मल्याबरोबर स्वामींनी बांधलेलं ते अंगाचाच भाग. ते कोण वजा करतं?

पहिल्या सोमवारी पोरगी दोन किलो दोनशे साठ भरली. दुसऱ्या सोमवारी दोनशे पन्नास. गुरुलिंग त्या दिवशी जेवला नाही. तिसऱ्या सोमवारी काट्यावर आकडा आला दोन किलो चारशे तीस. त्याने तीनदा तोलून पाहिलं आणि मोंढ्यात पेढे वाटले. हमाल म्हणाले, "मालक, सोयाबीनचा भाव वाढला का काय?"

दुसऱ्याच दिवशी तो दोघी म्हाताऱ्यांना घेऊन एसटीने लातूरला गेला. बुद्धप्रियाने पोरीचे कपडे उतरवले आणि थबकली. लेकराच्या गळ्यात, इतका वेळ झबल्याखाली झाकलेली, लिंबाएवढी चांदीची डबी होती.

"हे काढा."

"लिंग काढायचं न्हाई!" दोघी एकदम ओरडल्या. एरवी त्यांचं कशावरच एकमत नसायचं.

"बरं. मग दोरा धरून डबी वर उचला. काट्याला टेकू देऊ नका."

पार्वतम्मांनी डबी उचलून धरली. आकडा आला दोन किलो दोनशे चाळीस.

"तुमचा काटा बिघडलाय, ताई," गुरुलिंग म्हणाला. "आमच्या काट्यावर मोंढा चालतो."

"काटा न्हाई बिघडला, भाऊ. ही डबी कवा आली?"

पार्वतम्मा खाली बघून बोलल्या. जगदेवीला समाधी दिली तेव्हा तिचं लिंग तिच्या हातावर ठेवलं होतं. रिकामी डबी घरी आली होती. "जावाई जेवले न्हाईत त्या दिवशी. मला वाटलं, आईचं काईतरी अंगावर असलं तर लेकरू बाळसं धरंल. म्हणून पोरीचं लिंग कापडी पिशवीतून काढून ह्या डबीत घातलं. अन् पुढच्या सोमवारी वजन वाढलंच की!"

गुरुलिंग बाकावर बसला. "बारदान वजा करायचं राहिलं," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी दुधाची चौकशी केली, तेव्हा उरलेलं बाहेर आलं. पार्वतम्मा डब्यावरच्या मापाच्या निम्मीच पावडर टाकत होत्या. "दाट दूध पचत न्हाई वो लेकराला."

"म्हणून म्हणलं, हिचं काई खरं न्हाई!" नीलम्मा उसळली. "मी आपली चांगली रोज गुटी उगाळून घालते. अन् गाढववाला आला की गाढविणीचं दूध. एकच चमचा!"

"अव्वा!" गुरुलिंग आईला म्हणाला.

"तुला बी पाजलंय मी ते."

"ते दिसतंयच की," पार्वतम्मा म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, लेकराचं पोट एवढंसं. ते पाण्यानंच भरलं तर अंग कशानं धरंल? अन् आतडं अजून कोवळं हाय. सहाणेवरनं, चमच्यावरनं जंतू गेले की संडास पातळ होते, खाल्लेलं अंगी लागत न्हाई."

परतीच्या एसटीत दोघी म्हाताऱ्या शेजारी बसल्या, आणि उदगीर येईपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून दूध गुरुलिंग स्वतः कालवतो. पावडरचा चमचा डाळीचं माप सपाट करावं तसा सुरीने सपाट करतो. गुटीची सहाण आता दुकानात आहे, कागद उडू नयेत म्हणून. सोमवारी पार्वतम्मा डबी वर उचलून उभ्या राहतात, आणि आकडा खरा येतो. पाचवा महिना लागला. काल पोरगी पाच किलो सातशे भरली. पेढे त्याने वाटले नाहीत.

आकडा तो दवाखान्याच्या कार्डावर लिहितो. कार्डावर सगळ्यात वर दवाखान्याच्या रीतीप्रमाणे लिहिलंय, 'बेबी ऑफ जगदेवी'. नाव ठेवलं की ही ओळ जाऊन पोरीच्या नावाचं कार्ड मिळेल, असं बुद्धप्रियाने दोनदा फोन करून सांगितलं.

"बारसं कवा करायचं?" पार्वतम्मा दर सोमवारी विचारतात.

"करू," गुरुलिंग म्हणतो.

पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही.