बाप्तिस्म्यापुरता तलाव

रेव्हरंड हॉलिस पेटवे यांचे प्रवचन रंगात आले, की चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन व्हर्नन टेटमला कशाचेही भान राहत नसे. रेव्हरंड आधी साधे बोलत. मग बोलता बोलता शब्दांना सूर लागे, सुराला ऑर्गन साथ देई, आणि एकेका ओळीच्या शेवटी बाकांवरून "आमेन!" उसळे. जॉर्जियातल्या त्या लहानशा चर्चमध्ये सगळ्यांत आधीचा आणि सगळ्यांत मोठा आमेन व्हर्ननचा. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा कंठ अधिकच मोकळा झाला होता.

त्या रविवारी सूर टिपेला पोचला होता. रेव्हरंड घामाने निथळत होते आणि व्हर्ननचे डोळे मिटलेले होते.

"आपला बाप्तिस्म्याचा हौद तडकलाय, होऽ! पण देवाचं काम अडत नाही, होऽ! कुणाच्या अंगणात पोहायचा तलाव आहे, होऽ! येत्या रविवारी बाप्तिस्म्याला तो देईल का रे कुणीऽ?"

"आमेन!" व्हर्नन गरजला. "देईल! का नाही देणार! आमेन!"

ऑर्गन थांबला. झाडून सगळी मंडळी मागे वळून बघू लागली.

"देव तुझं भलं करो, डीकन," रेव्हरंड अगदी साध्या आवाजात म्हणाले.

व्हर्नन बायकोच्या कानाशी लागला. "मी काय बोललो गं?"

लॉरेटा डोळे पुसत होती. "तू आपला तलाव दिलास. माझ्या लूशससाठी."

लूशस हा लॉरेटाचा धाकटा भाऊ. डोक्याचे केस पांढरे झाले तरी चर्चची पायरी म्हणून चढला नव्हता. कधी गुडघा दुखे, कधी गाडी चालू होत नसे, कधी मासे गळाला लागायची नेमकी तीच वेळ असे. त्याच्यासाठी प्रार्थना करता करता लॉरेटाचे अर्धे आयुष्य गेले होते. आता छातीच्या दुखण्यातून उठल्यावर तो कसाबसा "बरं, बुडवा एकदाचं" म्हणाला होता. हा रविवार हुकला, तर तो पुन्हा हाताला लागणार नाही, हे नवराबायको दोघेही जाणून होते.

आणि तलाव? घराबरोबर गळ्यात पडलेल्या त्या तलावावर व्हर्ननने थंडीआधी आच्छादन घातले होते, ते अजून उचललेच नव्हते. सोमवारी उचलले. खालून इतका दर्प आला, की त्याने ते परत घातले.

"उघडा, उघडा," मागून आवाज आला. लूशस पाहणीला आला होता. त्याने वाकून बघितले आणि त्याचा चेहरा उजळला. "दाजी, हे पाणी नाही. ही माझ्या आईची कोलार्डची पालेभाजी. नुसतं डुकराचं हाड टाकायचं राहिलंय."

"हसू नकोस. रविवारपर्यंत काचेसारखं करतो की नाही बघ."

"करा. तळ दिसला तर उतरेन. नाही दिसला तर मी सुटलो. असल्या पाण्यात पापं धुऊन जायची नाहीत, उलट आणखी चिकटतील."

व्हर्ननने कंबर कसली. भिंती घासल्या, क्लोरीनच्या पिशव्याच्या पिशव्या ओतल्या. बेडूक बादलीत भरून मागच्या ओढ्यात सोडले. संध्याकाळपर्यंत ते परत आले आणि गायला बसले. एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने धरावे, मग सगळ्यांनी मिळून सूर चढवावा. त्यांची पद्धत थेट रेव्हरंडांचीच होती.

औषधाने हिरवा रंग गेला आणि पाणी पांढरेफटक झाले.

"भाजी संपली वाटतं," लूशस म्हणाला. "आता ताक वाढलंय."

गाळणी तुंबली. व्हर्ननने ती उपसून धुतली, बसवली, पंप चालू केला. ती पुन्हा तुंबली. तो गाळणीशी झटत असताना रेव्हरंडांचा फोन आला.

"डीकन, पाणी कसं आहे?"

"येतंय वळणावर."

"छान! मग दुपारचं जेवणही तुझ्याच अंगणात ठेवू. मासे तळायला तेवढी कढई लागेल."

"आमे—" व्हर्ननने जीभ चावली. पण तोवर लॉरेटाने फोन काढून घेऊन दोन कढया कबूल केल्या होत्या.

शनिवारी सकाळी तळ दिसला. फरशी न् फरशी मोजावी इतका स्वच्छ. लूशस काठावर उभा राहून, मयताला आल्यासारखा म्हणाला, "दिसतोय खरा."

आणि दुपारी वारा सुटला. कुंपणापलीकडच्या पाइन वृक्षांनी वर्षभर जपलेला पराग मोकळ्या हाताने उधळला. मोटारी पिवळ्या झाल्या, व्हरांडा पिवळा झाला आणि लग्नघरातल्यासारखी तलावाला हळद लागली. जाळीने काढू जावे, तर पराग भोकांतून सरळ खाली.

"देवा," व्हर्नन आकाशाकडे बघून ओरडला, "मी काय स्वतःसाठी करतोय का हे?"

तेव्हा त्याला आठवले. पाणी ज्या टोपलीतून पंपाकडे जाते, तिच्यावर बायकांचा तलम लांब मोजा ताणून बसवला, तर पराग त्यात अडकतो. लॉरेटा चर्चच्या स्वयंपाकघरात होती. तो घरात गेला, खण उघडला, हाताला लागली ती जोडी उचलली. एक मोजा टोपलीवर ताणला, तो भरल्यावर दुसरा. रविवारी पहाटे पाणी पुन्हा काचेसारखे झाले.

"व्हर्नन! माझे पांढरे मोजे कुठेत?"

लॉरेटा म्हणजे चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्यांना जागेवर बसवणाऱ्या बायकांची पुढारी. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, पांढरे पायमोजे. ही वर्दी तिने आजवर एकदाही मोडली नव्हती. व्हर्ननने मुकाट्याने तलावाकडे बोट दाखवले. तिने जाऊन टोपली उघडली आणि पिवळी, गळकी, लांबलचक वस्तू दोन बोटांत धरून वर उचलली.



"लूशससाठी म्हणून सोडते," ती म्हणाली. "रेव्हरंडांसाठी असतं ना, तर आधी तुलाच बुडवलं असतं." आणि उघड्या पायांनी फाटकात जाऊन उभी राहिली.

माणसांनी अंगण भरले. पांढऱ्या झग्यातला लूशस पायरीवर थबकला. "गार आहे," तो पुटपुटला.

"येशू उतरला ती यार्देन नदीही गारच होती, होऽ!" रेव्हरंडांनी तिथेच सूर धरला आणि ऑर्गनची उणीव टाळ्यांनी भरून निघाली. एका बाजूने रेव्हरंड, दुसऱ्या बाजूने व्हर्नन. लूशस खाली गेला, वर आला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. फाटकातून लॉरेटाचा आमेन उठला आणि सगळे अंगण गाऊ लागले.

व्हर्ननला मात्र क्लोरीन आठवले. तो लूशसच्या कानाशी लागला. "डोळे चुरचुरतायत का रे? औषध जरा जास्तच पडलं बघ."

"गप बसा हो दाजी," लूशसचा आवाज चिरकला. "डोळे मी घट्ट मिटले होते."

 लूशसचा हात सोडायचेही व्हर्ननला सुचले नाही.

सोमवारी तो उत्साहाने उठला. आता तलाव उपसायचा, मातीने भरायचा, वर टोमॅटो लावायचे आणि जन्मात पुन्हा क्लोरीनचे नाव काढायचे नाही. उपशाची नळी घेऊन तो काठावर आला, तर लॉरेटा आडवी उभी.

"खबरदार! या पाण्यात माझा भाऊ नवा झालाय. एक थेंब उपसायचा नाही."

"अगं, पण तसंच ठेवलं तर आठ दिवसांत पुन्हा भाजी होईल त्याची!"

"कशी होईल? तू आहेस ना? रोज घासायचं, रोज गाळायचं."

व्हर्ननने दाद मागायला आजूबाजूला बघितले. तलावाच्या पलीकडे, सावलीत घडीची खुर्ची टाकून, एका हातात कॉफी आणि मांडीवर कोरे करकरीत बायबल घेऊन लूशस बसला होता.

"दाजी," पानावरून नजर न काढता तो म्हणाला, "माझ्या पाण्यात काडी पडलीय बघा."