डाव्या बाहीची सुधारित आवृत्ती

लोकरमावशींनी 'बिनचूक विणकाम' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य हट्टानं घातलं: 'या पुस्तकात एक जरी टाका चुकीचा निघाला, तर लेखिका तो स्वतः उसवून देईल!' आणि खाली चक्क घरचा पत्ता. छापखानेवाल्या भाच्यानं परोपरीनं सांगितलं, "मावशी, पत्ता नको गं." पण तीस वर्षं विणकामाचे वर्ग चालवलेल्या बाई त्या! "अरे, चूक निघाली तर ना कुणी येणार?" म्हणून त्यांनी त्यालाच उडवून लावलं.

एका थंडीत पाचशेपैकी तीनशे प्रती खपल्या. मावशींचे पाय जमिनीला लागेनात. आणि एक दिवस पोस्टाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या अंगावर त्यांना आपला स्वेटर दिसला. पान बेचाळीसवरचा, नागमोडी नक्षीचा! आनंदाच्या भरात त्यांनी त्या अनोळखी माणसाचं कोपरच धरलं. मग नजर खाली गेली. डावी बाही दुमडलेली होती.

"ही अशी का हो दुमडलीय?"

"काय सांगू!" तो माणूस म्हणाला. "बायकोनं विणलाय. हात चांगला आहे तिचा, पण डावी बाही काही जमत नाही. मेहुणीचंही तसंच. घराण्यातच आहे त्यांच्या!"

मावशी पोस्टाचं काम तसंच टाकून घरी आल्या आणि त्यांनी पान बेचाळीस उघडलं. उजवी बाही ऐंशी ओळी. डावी बाही शंभर ओळी! प्रुफं त्यांनी स्वतः चार वेळा तपासली होती आणि चारही वेळा त्यांना शंभरच बरोबर वाटल्या होत्या. कुठल्या कुठल्या घरात कोण कोण बायका आपल्यापायी नवऱ्याची बोलणी खात असतील, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू की," भाचा म्हणाला.

"पुढची कधी?"

"उरलेल्या दोनशे प्रती संपल्या की."

"म्हणजे आणखी दोनशे जणींनी ऐकून घ्यायचं? मुळीच नाही! आत्ताच्या आत्ता चिठ्ठी छाप."

चिठ्ठी पेपरांतून घरोघर गेली: 'पान ४२. डाव्या बाहीच्या वीस ओळी उसवाव्यात. चूक लेखिकेची आहे, विणणारीची नाही.' मावशींना जरा हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात शाळेच्या मुख्याध्यापिका, हातात स्वेटर. त्याची डावी बाही कोपराच्या जरा खाली संपत होती.

"चिठ्ठीत होतं तसंच उसवलंय," त्या म्हणाल्या.

"आधी शंभर ओळी होत्या ना?"

"छे! शंभर ही चूक आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. मी ऐंशीच विणल्या होत्या."

"मग उसवल्यात कशाला?"

"छापून आलं होतं ना!"

त्यांच्या मागोमाग दातांचे डॉक्टर आले. त्यांनी स्वेटर समोर धरून डावी बाजू ठरवली होती. त्यांची उजवी बाही साठ ओळींची आणि डावी शंभर! "आता मला एकाच हाताला थंडी वाजते," ते काकुळतीनं म्हणाले. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. छापलेला शब्द पाळायचा, म्हणून मावशी सगळ्यांचं उसवत आणि विणत बसल्या.

मग त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली: 'ज्यांनी आधीच कमी विणल्या त्यांनी उसवू नये. ज्यांनी तरीही उसवल्या त्यांनी परत विणाव्यात. डावी म्हणजे घालणाऱ्याची डावी.' भाच्यानं ती तीनदा वाचली आणि हात जोडले.

"मावशी, ही समजावून सांगायला तिसरी छापावी लागेल."

"मग नवी आवृत्तीच काढ! उरलेल्या दोनशे प्रती मी हातानं सुधारते!"

बोलल्या तशा सुधारल्याही. शिवाय पुस्तकातले चौदाच्या चौदा स्वेटर त्यांनी पुन्हा विणले, एकेक ओळ मोजून. भर उन्हाळ्यात यजमानांना ते घालून हात पुढे करून उभं राहावं लागे.

"हलू नका हो!"

"मी नाही हलत. घाम ओघळतोय."

थंडी पुन्हा तोंडावर आली, तेव्हा नवी आवृत्ती छापून झाली. मावशींनी तिची पहिली प्रत समोर ठेवून विणलेला नागमोडी स्वेटर यजमानांच्या अंगावर चढवला. दोन्ही बाह्या नेमक्या मनगटावर थांबल्या. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता काढा म्हणावं कुणी चूक!"

"वा! या आनंदात मी चहा करतो," म्हणून यजमान आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून "आई गं!" ऐकू आलं आणि किटली आदळली.

मावशी धावल्या. यजमान डावा हात नळाखाली धरून उभे होते.

"अहो, फडकं नाही का घ्यायचं?"

"फडकं कशाला? रोज बाहीनंच धरतो की किटली! आज बाही पुरलीच नाही."

आणि मावशींना एकदम आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत या डावखुऱ्या माणसानं सकाळचा चहा करताना बोटं भाजून घेतली होती, आणि त्यांनीच काळजीपोटी डाव्या बाहीला वीस ओळी वाढवल्या होत्या. पुढे दर थंडीत हात आपोआप शंभर मोजत गेला आणि पुस्तक लिहितानाही त्यानं तेच केलं. मावशींना लाज वाटली, आणि या माणसाबद्दल फार प्रेमही वाटलं.

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, पाचशे प्रती बांधून तयार आहेत! आता सगळं बिनचूक ना?"

"बिनचूक! फक्त एक चिठ्ठी घालायची राहिली."

पलीकडून भाच्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"लिहून घे," मावशी ठामपणे म्हणाल्या. "पान बेचाळीस. सकाळचा चहा नवरा करत असेल, तर डावी बाही शंभर ओळी."

"आणि तो डावखुरा नसेल तर?" भाच्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"अगंबाई, हो की! मग दोन चिठ्ठ्या छाप."