बादशाचं आवतण

देवरावकाकांनी मोटारसायकल थेट माझ्या तुळशीवृंदावनावर घातली, खाली उतरले, निखळलेली वीट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, हे आज पडनारच होतं. चहा आहे का?"

घाटंजीजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर आणि हे माझे शेजारी. जगात कुणाचीच कसली चूक नसते, असं यांचं ठाम मत. न्हाव्यानं बोलता बोलता त्यांची अर्धी मिशी उडवली, तर हे त्याचीच समजूत घालत बसले. "तुह्या हातात का होतं, बाबू? वस्तरा घसरनारच होता." आणि उरलेली अर्धी मिशी घेऊन आठवडाभर बाजारात हिंडले.

भांडणं मिटवायला गावानं पंच नेमले, त्यात कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, काकांनाही घेतलं. पहिलंच प्रकरण एकाची बकरी दुसऱ्याच्या कपाशीत शिरल्याचं. काका म्हणाले, बकरीले भूक होती. कुंपण मोडकं होतं. कुंपण वाऱ्यानं मोडलं. मग वाऱ्याले बलावता का? दोघंही भांडण विसरून काकांवर तुटून पडले. एका अर्थी तंटा मिटलाच म्हणायचा, पण काकांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मी एकदा पेटलोच. त्यांच्या अंगणातल्या झाडाची सीताफळं त्यांच्या डोळ्यांदेखत तोडली आणि म्हटलं, "काय करू काका, माझ्या हातात काय होतं?" काका उठले, फळं काढायची आकडी घेऊन आले. "वरचं एक राह्यलं, मास्तर." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, यातलं काही ऐकलं की उठून आत जायची. गोठ्यात तर ती पाऊलही टाकत नसे. जनावरांना भिते, असंच मी समजत होतो.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या गोठ्यात होतो. त्या दिवशी बैलांचे खांदे शेकून हळद-तूप चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात. त्यांच्या घरात हे आवतण बाईनं द्यायची रीत. पण वाटी काकांच्याच हातात होती.

"काकू का येत नाहीत?" मी विचारलं.

काकांनी हळू आवाजात सांगितलं. सहा वर्षांपूर्वी, याच संध्याकाळी, तिनं लाडक्या बैलाला, बादशाला, आवतण दिलं आणि कौतुकानं हिरवी ज्वारी कापून टाकली. पावसानं ताण दिला होता, ज्वारी खुरटलेली. तशी कोवळी ज्वारी जनावराला विष असते. बादशा जेवायला राहिला नाही.

"तवापासून म्या म्हनून राह्यलो, कोनाच्याच हातात काही नसते. तिले ऐकू जावं म्हनून."

मला गहिवरून यायला हवं होतं, पण माझी जीभ वाईट. "बरं आहे काका," मी म्हटलं. "बायकोला दोषातून सोडवलं, त्यात आपणही सुटलात."

काकांचा चेहरा उतरला. मग दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सुमन, तुनं इचारलं होतं, ज्वारी टाकू का म्हनून. म्या पत्ते खेळून राह्यलो होतो. न पाहताच 'टाक' म्हनलं. चूक माही बी होती."

दारात काकू उभी होती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "म्या टाकली, म्या मारलं त्याले. ते कायले पुसून टाकता, कोनाची चूक नाही म्हनून साऱ्या गावाले सांगून? माहं माह्यापाशी राहू द्या. तुमचं तुमी कवा घेता, त्याची वाट पाहून राह्यली होती."

तिनं त्यांच्या हातातून वाटी घेतली. बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळलं. "आज आवतन घ्या," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "उद्या जेवाले या." सहा वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो.

काका डोळे पुसत मागे सरले, ते नेमके खांदे शेकायला ठेवलेल्या गरम पाण्याच्या बादलीवर. सगळं पाणी माझ्या पायांवर.

मी वाट पाहिली, आता म्हणतील, सांडणारच होतं.

"हे माहं," काका म्हणाले, आणि फडकं आणायला आत गेले.