राजेंद्रभाऊंच्या घरचे दोन पहारेकरी

"माज्या कॉम्प्युटरात आता माशीबी शिरायची न्हाई!" भाजे गावच्या राजेंद्रभाऊंनी छाती फुगवून जाहीर केलं.

आतून मात्र माणूस पार टरकला होता! औंढ्याच्या दोस्ताचा कॉम्प्युटर चोरांनी इंटरनेटवरून बंद पाडला, तेव्हापासून भाऊंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाहुण्यांना घरी मुक्कामाला ठेवायचा त्यांचा धंदा, आणि सगळं बुकिंग त्या डब्यात! त्यात पुण्याच्या एका शाळेची चाळीस पोरं शनिवारी यायची होती. आज बाराच्या आत होकाराची मेल गेली नाही, तर शाळा दुसरीकडे जाणार होती.

चोराला अडवणारी फायरवॉल कुठली घ्यावी? जावई सत्यमनं एक सुचवली, मेहुणा निलेशनं दुसरी. आता जावयाचा शब्द मोडायचा कसा? आणि मेहुण्याला डावललं, तर त्याची बहीण, म्हणजे भाऊंची बायको शालनवहिनी, जेवायला काय वाढतील? भाऊंनी दोन्ही बसवल्या!

दहा वाजता मेल लिहायला बसले, तर स्क्रीन लालभडक! "संशयास्पद प्रोग्राम. अडवू?"

"अडव, अडव!" भाऊंनी बटण दाबलं. लगेच दुसरी पाटी, "हल्ला! अडवू?" मग तिसरी, चौथी.

"शालन, दाराला कडी लाव! चोर आल्यात!"

"अवो, कडी लावून कॉम्प्युटरातला चोर थांबतोय व्हय?" असं म्हणत वहिनींनी कडी लावलीच. त्यांचंही धाबं दणाणलं होतं.

इतक्यात अनोळखी नंबरवरून फोन! "अगं, त्यांना माजा नंबरबी गावला!" भाऊंनी फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा नंबरच ब्लॉक करून टाकला.

वहिनींनी फोन करून बोलावलेला निलेश लोणावळ्याहून पोचला तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यानं स्क्रीन बघून कपाळावर हात मारला.

"दाजी, चोर कुटंय? तुमचे दोन पहारेकरीच एकमेकाला चोर समजून धरत्यात! त्या मारामारीत इंटरनेट बंद पडलंय!"

"मंग त्यो फोन?"

निलेशनं त्या नंबरला फोन लावून दिला. पलीकडे शाळेच्या बाई! "अहो, मेलला उत्तर नाही, फोन कापताय! आम्ही लोहगडवाडीला ठरवलं."

शनिवारी चाळीस पोरं भाऊंच्या दारावरनं गाणी म्हणत लोहगडवाडीला गेली. भाऊ ओट्यावर बसून बघत राहिले. तेवढ्यात जावयाचा फोन आला.

"मामा, फायरवॉल कशी चाललीय?"

भाऊंनी पुन्हा छाती फुगवली.

"लय भारी, जावईबापू! कुणालाच आत येऊ देत न्हाई!"