दोन चमचे जेलीमणी

मी एका कचेरीच्या भांडार विभागात कारकून आहे आणि बावीस वर्षांत एकच विद्या शिकलो आहे. दहा पेनं हवी असतील तर वीस मागायची. साहेब न वाचता निम्मी कापतात, आपल्याला दहा मिळतात आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं. ही विद्या कचेरीत ठेवून घरी यावं, एवढं शहाणपण मात्र मला आलेलं नाही.

म्हणून शनिवारी सकाळी "मणी मी भिजत घालतो" असं मी म्हणालो, तेव्हाच बायकोने मला अडवायला हवं होतं. (तिने अडवलं होतं. मी ऐकलं नाही.)

प्रकरण लेकीचं होतं. ती सहावीत, शाळा नवी आणि तीन महिन्यांत एकही मैत्रीण नाही. डबासुद्धा एकटीच खाते, हे आम्हाला तिच्या बाईंकडून कळलं होतं. मग एक दिवस तिनेच धीर करून वर्गातल्या सहा मुलींना रविवारी दुपारी प्रयोग बघायला बोलावलं आणि त्या चक्क हो म्हणाल्या. प्रयोग दोन: पाणी पिऊन फुगणारे जेलीचे मणी आणि ड्राय आइसचा धूर. लेकीने सगळं वहीत लिहून ठेवलं होतं.

"बाबा, बादलीत दोन चमचे टाक आणि मग हात लावू नकोस," असं बजावून ती आईबरोबर कागदी पेले आणायला आणि तिथून मावशीकडे जेवायला गेली.

दोन म्हणाली, म्हणजे मी चार टाकले. मोहरीएवढे तर मणी. दोन तासांनी बघतो तर बादलीत नुसतं स्वच्छ पाणी. मी समजलो, विरघळले. आणखी चार टाकले. जेवून येऊन बघितलं, तरी पाणीच. मग मात्र मला लेकीची दया आली. सहा मुली येणार आणि दाखवायला काय, तर पाणी? मी राहिलेलं सगळं पाकीट ओतलं, नळ बारीक सोडला आणि थोडा आडवा झालो.

आता, हे मणी बिनरंगी असतील तर पाण्यात बुडाल्यावर दिसतच नाहीत, हे लेकीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. तोच तर तिचा प्रयोग होता. वही वाचायची मात्र मला आमच्या खात्यात कधी सवय लागली नाही.

पाच वाजता दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरचे प्लंबरकाका, तळहातावर द्राक्षाएवढे तीन मणी घेऊन. जिन्यावरून एकेक पायरी उड्या मारत ते त्यांच्या दाराशी पोचले होते.

"साहेब, हे तुमचे का?" त्यांनी विचारलं. मी मागे वळून पाहिलं आणि नाही म्हणायची सोय उरली नव्हती. न्हाणीघर घोट्यापर्यंत भरलं होतं, मोरी तुंबली होती आणि मण्यांची मिरवणूक दिवाणखान्यात शिरली होती.

तेवढ्यात मायलेकी परतल्या. लेक भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने बाह्या वर केल्या आणि काकांना हळूच म्हणाली, "मिठाने ते पाणी सोडतात. मोरीत मीठ टाकूया."

घरातलं सगळं मीठ मोरीत गेलं. काकांनी जाळी उचकटली आणि दोन तास मांडी ठोकून मणी उपसले. खाली जाताना मलाच म्हणाले, पोरगी हुशार आहे हो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. बायकोचेही नाही. ती मला एक शब्द बोलली नाही, फक्त घरातली यच्चयावत पातेली, टब आणि परात काढून मणी भरत राहिली.

ड्राय आइसही मी अर्थात दुप्पट आणला होता, आणि तोही एक दिवस आधी. ड्राय आइसच्या कारखान्यातल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे झाकण सैल ठेवून खोकं गॅलरीत ठेवलं होतं. रविवारी बघतो तर निम्मा हवेत उडून गेलेला. भांडारातून असा माल गेला असता तर माझी चौकशी बसली असती. इथे मात्र लेकीला हवा होता बरोबर तेवढाच उरला होता. मी हे दोनदा बोलून दाखवलं. कोणी दाद दिली नाही.

मुली आल्या आणि ओळीने बसल्या. सहा जणी, सहा बंद तोंडं. लेकीने वही उघडली, पण आवाज फुटेना. बायकोने खिडक्या उघडल्या, जाड हातमोजे घातले आणि चिमट्याने ड्राय आइस गरम पाण्यात सोडला. पांढरा धूर जमिनीवर पसरला. आपण सरबत द्यावं, वातावरण मोकळं होईल, म्हणून मी ट्रे घेऊन निघालो. त्या धुराखाली एक मणी शिल्लक होता.

मी जो बसलो, तो खोलीच्या मधोमध, सरबतासकट. पहिली हसली ती माझी लेक, आणि तिच्यामागून सहाही जणी. हसता हसताच ती म्हणाली, "आता बघा, बाबा कशावरून घसरला ते," आणि मणी पाण्यात टाकून नाहीसा करून दाखवला. नंतर तासभर तिचं तोंड थांबलं नाही. मुली कोपरापर्यंत टबात हात घालून बसल्या. मी स्वयंपाकघरात कंबर शेकत ते ऐकत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. त्या चुकार मण्याचे मी मनापासून आभार मानले.

सोमवारी टेबलावर माझ्या नावे अर्ज होता. "पुढील दोन रविवार दुपारी बाबांनी घराबाहेर राहावे, ही नम्र विनंती." मी थोडा दुखावलो, पण अधिकार तो अधिकार. लाल पेन काढलं, 'दोन' खोडून 'एक' केलं, ऐटीत सही ठोकली आणि बायकोला दाखवलं.

ती हसायलाच लागली. "अहो, त्या मुली येत्या रविवारीच परत येणार आहेत. तिला एकच हवा होता."

मी पेनाला टोपण लावलं आणि रविवारी दुपारी कुठे जाता येईल याचा विचार करू लागलो.