पोचा पडलेली थाळी

गरीब माणसाला आपण गरीब आहोत हे नीट समजत नाही, अशी सरकारची फार वर्षांपासून खात्री होती. म्हणून एकोणीसशे सदतीस साली पाऊस चुकल्यावर रनाळ्यातल्या कुटुंबांची आर्थिक पाहणी करायला पुण्याहून एक तपासनीस आले. गाव उपाशी ठरलं, तरच सडकेवरचं खडी फोडायचं दुष्काळी काम चालू राहणार होतं. सात घरं निवडली. पहिलं भिकुबाईचं. ती आणि तिचा नवरा सुकलाल त्या खडीवरच जगत होते.

नियम कडक. तपासनिसांनी घरात जेवायचं आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं.

"कोंडानी भाकर वाढ," सुकलाल म्हणाला. "खरं शे ते देखू दे त्यासले."

"लाज धरा जरा! दारमा पावना, नि त्याले कोंडा?"

आखाजीच्या सणासाठी राखलेले मूठभर गहू तिने दळले. दुकानवाल्या बदामबाईकडून पितळी थाळी मागून आणली, वाटीभर तूप उसनं आणलं.

"साहेब, आम्ही हाई रोज नई खातस हां," वाढता वाढता ती म्हणाली.

"ते ऐकीव झालं, बाई. ऐकीव ग्राह्य नाही." साहेबांनी तुपाची बोटं पुसली आणि लिहिलं: गव्हाची पोळी, तूप, पितळी भांडी.

थाळी घासून मागच्या भिंतीवरून शेजारी गेली. तिथून पुढे. वाटीतलं तूप घरागणिक खाली जात होतं, पण सातव्या घरापर्यंत पुरलं. गावाची अब्रू राहिली. अहवालात नोंद झाली: 'प्रत्येक घरी एकाच घडणीची थाळी आढळते. काठाला ठरावीक जागी पोचा पाडण्याची स्थानिक कारागिरी प्रेक्षणीय आहे.'

पंधरा दिवसांत खडीचं काम बंद.

भिकुबाई थाळी काखेत मारून नंदुरबारला साहेबांच्या मुक्कामी चालत गेली. "साहेब, थाळी एकच व्हती. हाई देखा, तोच पोचा!"

साहेबांनी पोचा निरखला. "म्हणजे ही आठवी," म्हणाले आणि आकडा दुरुस्त केला.

तरी माणसं वाळतच चालली. सुखवस्तू गाव उपाशी कसं, याचा पुरवणी अहवाल निघाला: 'पाहुण्यांवर उधळपट्टी.' त्या साली गावात पाहुणा आला होता एकच, आणि अहवाल त्यानेच लिहिला होता. पण स्वतःला कोण मोजतो?

मग काटकसर शिकवायला दुसरे साहेब आले. ऐन जेवणाच्या वेळी.

या खेपेला भिकुबाई बदामबाईकडे गेली नाही. तिने मातीच्या परळात कोंड्याची भाकर आणि मिठाचं पाणी पुढे सारलं. "आम्ही हाईच खातस. आते लिखा."

साहेब ताटावरून उठले. लिहिलं: 'ग्रामस्थ उद्धट आहेत. काम पुन्हा सुरू करण्याची शिफारस करता येत नाही.'

आणि वाचणारे भाऊ, छातीवर हात ठेवून सांगा. तिने परळ पुढे सारला, तेव्हा तुमच्याही मनात आलंच ना, की पाहुण्याला असं वाढतं का कोणी?